येण्याआधी कळतं का?

प्रिय ईरा आणि चिनू,

हे पत्र मी मराठीत लिहिते आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, आणि मला ते जड गेलं असतं असंही नाही. सारी नोकरी मी इंग्रजीच शिकवलं. पण आजवर तुम्हाला न सांगितलेली गोष्ट परक्या भाषेत सांगायची म्हणजे ती पुन्हा एकदा झाकून ठेवल्यासारखंच होईल. ईरा, तू सावकाश वाच. अडलं तर आईला विचार. चिनूला आई वाचून दाखवेल.

आत्ताच का लिहायला बसले, ते आधी सांगते. गेल्या रविवारी आपण फोनवर बोलत होतो. चिनू मला त्याने काढलेलं जहाजाचं चित्र दाखवत होता. त्याचे डोळे सारखे मिटत होते, घट्ट, एकामागून एक तीन-चारदा, आणि मध्येच नाक वर ओढल्याचा आवाज येत होता. ईरा मागून ओरडली, "स्टॉप इट, चिनू!" तुमच्या आईने फोन स्वतःकडे वळवला, आवाज खाली आणला आणि मला विचारलं, "आई, आपल्याकडे कुणाला होतं का गं असं?" मी म्हणाले, "नाही बाई, मला तरी आठवत नाही." मग रेंज जाते आहे असं सांगून मी फोन बंद केला. रेंज चांगली होती. मी एकाच मिनिटात दोनदा खोटं बोलले, आणि त्यानंतरचे चार दिवस मला जेवण गोड लागलेलं नाही. चिनू, तुझ्या डोळ्यांत जे आहे ते माझ्या मानेत आहे. मी नऊ वर्षांची होते, अगदी तुझ्याएवढी, तेव्हापासून आहे. बहुधा ते तुला माझ्याकडूनच आलं असावं.

तुम्ही म्हणाल, आम्ही कधी पाहिलं नाही. तुम्ही येडगावला माझ्याकडे येता तेव्हा आपण गप्पा मारत बसतो आणि मी मध्येच उठून स्वयंपाकघरात जाते, आठवतं? ईरा एकदा म्हणाली होती, "आजी एका जागी बसतच नाही." मी गॅस बघायला जात नव्हते. दाराआड जाऊन मान दोन-चारदा उजवीकडे झटकायची, घशातून 'हुं' असा आवाज काढायचा, आणि चेहरा ठीक करून परत यायचं, असा माझा शिरस्ता होता. वर्गात मी फळ्यावर फार लिहायचे. मुलं म्हणायची, बाई फार कष्ट घेतात. मला मुलांकडे पाठ करायला निमित्त हवं असायचं, एवढंच.

हे सुरू झालं माझ्या माहेरी, निमगाव सावाला. एका मंगळवारी माझी आजी मला देवीच्या आरतीला घेऊन गेली होती. हलगी वाजत होती, धूप दाटला होता, आणि तिथेही माझी मान हलायला लागली. एरवी घरी हलायची तेव्हा "नीट बस" म्हणून पाठीत धपाटा मिळायचा. त्या दिवशी मात्र आजीने दोन्ही हात जोडले आणि ओरडली, "आई आली! पोरीच्या अंगात आई आली!" बायकांनी माझे केस सोडले, कपाळभर हळदकुंकू लावलं, मला पाटावर बसवलं. मी इतकी घाबरले की मान आणखीच जोरात हलू लागली. मग दर मंगळवारी तेच. बायका ओटी भरायच्या आणि प्रश्न विचारायच्या. हरवलेली म्हैस कुठं असेल, सुनेला मूल कधी होईल. मी शाळेत हुशार होते. विचारलं की उत्तर द्यायचं, एवढं मला ठाऊक होतं. म्हणून मी उत्तरं द्यायचे.

त्या बायकांमध्ये एक हौसाबाई होती. विशीतली असेल. तिचा नवरा मुंबईला गिरणीत कामाला म्हणून गेला होता आणि वर्ष झालं तरी त्याचा निरोप नव्हता. तिने माझ्या पायांवर डोकं ठेवलं आणि विचारलं, "आई, माझा धनी येईल का गं परत?" मी वर पाहिलं. देवळाच्या खिडकीतून बाजाराला निघालेल्या गाड्या दिसायच्या, तसं काही दिसेल, काही सुचेल, असं वाटलं. काही सुचलं नाही. मी म्हणाले, "येईल. पुनवेला येईल." पुढच्या पुनवेला हौसाबाई दिवस मावळेपर्यंत वेशीपाशी उभी होती. त्याच्या पुढच्या पुनवेलाही. मी शाळेतून येताना तिला पाहायचे आणि दुसऱ्या आळीने घरी जायचे.

माझ्या वडिलांना हे सगळं पटत नव्हतं, पण आपल्या आईपुढे ते बोलू शकत नव्हते. त्यांनी एक दिवस माझी ट्रंक भरली आणि मला पुण्याच्या एका इंग्रजी शाळेच्या वसतिगृहात नेऊन ठेवलं. तिथल्या मोठ्या बाई शिस्तीच्या होत्या. त्यांनी माझी मान पाहिली आणि सांगितलं की ही वाईट सवय आहे, इच्छाशक्ती कमी पडते म्हणून होतं. डोक्यावर पुस्तक ठेवून मला रोज अर्धा तास उभं करायच्या. पुस्तक पडलं की पुन्हा पहिल्यापासून. गावात मी देवी होते, पुण्यात वाईट सवय झाले. मला दुसरं बरं वाटलं, कारण सवय मोडता येते असं वाटायचं. ती मोडली नाही. लपवायला मात्र मी फार छान शिकले. आजही माझ्या घरात डब्यांना चिठ्ठ्या आहेत, कपाटात घड्या एकसारख्या आहेत, त्याचं मूळ त्या पुस्तकात आहे असं मला कधीकधी वाटतं. शरीराचा एक भाग ऐकत नव्हता, म्हणून बाकी सगळं ऐकायला लावलं.

आणि देवाशी माझं जे बिनसलं ते तेव्हापासून. घरात पूजा मी कधी चुकवली नाही. वेळेवर, स्वच्छ, नेटकी पूजा करत आले. पण मनातून माझा देवीवर राग होता. शिरायचं तर एखाद्याच्या मनात शिरावं, माझ्या मानेत कशाला शिरलीस? आणि शिरलीच नव्हतीस, तर त्या बायकांपुढे मला तोंडघशी का पाडलंस? गर्दीच्या देवळात जायचं मी टाळायचे. हलगी ऐकली की अजूनही मी वाट बदलते.

आता तुमच्या आजोबांच्या खोकल्याबद्दल सांगते. तुम्ही दोघं त्याची नक्कल करायचात. लग्नात, सभेत, कुणाच्या सांत्वनाला गेलो तरी त्यांना मोठ्यांदा खोकला यायचा. मी त्यांना काढे करून देत होते. ते गेल्यानंतर दोन महिन्यांनी मी पहिल्यांदा एकटी एका साखरपुड्याला गेले. सगळे शांत बसले होते, भटजी काही सांगत होते, आणि माझ्या घशातून 'हुं' आलं. स्पष्ट, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं. चार माणसं वळून पाहायला लागली, आणि मी नकळत शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं, आता हे खोकतील म्हणून. तेव्हा मला कळलं. चाळीस वर्षं त्या माणसाच्या छातीला काही झालेलं नव्हतं. ते माझ्या आवाजावर आवाज घालत होते. त्यांनी मला कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही, आणि तरी माझा एकही आवाज त्यांनी एकटा पडू दिला नव्हता.

त्यानंतर वर्षभर माझं बाहेर जाणं जवळजवळ बंद झालं. मान दिवसातून इतक्यांदा हलायची की संध्याकाळी खांद्यापासून कानापर्यंत ठणकायचं. तुमची चुलतआजी सुमन शेजारीच राहते. तिला वाटलं मी दुःखात आहे. दुःख होतंच. पण खरी भीती वेगळी होती. आता उरलेलं आयुष्य दाराआडच काढावं लागणार, असं मला दिसत होतं.

आजोबा दरवर्षी एकदा भीमाशंकरला जायचे, आपल्या परसातल्या बेलाची पानं घेऊन. एक वर्ष चुकलं होतं. चुकलेलं काम माझ्याच्याने सहन होत नाही, म्हणून दुसऱ्या वर्षी फाल्गुनात, गर्दी नसेल असा साधा बुधवार बघून, मी पानं ओल्या फडक्यात गुंडाळली आणि निघाले. श्रद्धेने निघाले असं म्हणणार नाही. त्यांचं राहिलेलं पुरं करायचं, इतकंच डोक्यात होतं. घोडेगाव सोडून एसटी शिनोलीत आली आणि बंद पडली. कंडक्टर म्हणाला, "मागून दुसरी गाडी येईल, तासभर लागंल." ऊन चढलं होतं. रस्त्याकडेच्या एका घराच्या ओट्यावर एक बाई हिरडा वाळत घालत होती. तिने मला हाक मारली, "या पावणं, सावलीला बसा. गाडीचं काय खरं नाय."

मी ओट्यावर टेकले. आतून तिची मुलगी पाणी घेऊन आली. तिशीची असेल, नाव मंगल. पुण्याला नोकरी करत होती, सुट्टीला घरी आली होती. मी तांब्या हातात घेतला आणि माझी मान झटकली. पाणी पदरावर सांडलं. मी पदर सावरल्यासारखं केलं, मग 'हुं' आलं, त्यावर खोकले. मंगल हे सगळं पाहत होती. तिची नजर मात्र लोकांची असते तशी नव्हती. लोक एक तर रोखून पाहतात, नाही तर चटकन दुसरीकडे बघतात. ही आपण स्वयंपाक शिकताना आईच्या हाताकडे पाहतो तशी पाहत होती.

"आजी, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार."

"हे येण्याआधी तुम्हाला कळतं का?"

मुलांनो, या गोष्टीला अठ्ठावन्न वर्षं होत आली होती. तेवढ्या काळात मला 'कोण आलंय अंगात' असं विचारलं होतं, 'का करतेस असं' विचारलं होतं, 'थांबवता येत नाही का' विचारलं होतं. एका डॉक्टरांनी काही न विचारता गोळ्या दिल्या होत्या, त्यांनी मी दिवसभर पेंगत असे. पण येण्याआधी मला काय होतं, हे विचारणारं कुणी भेटलं नव्हतं. मी म्हणाले, "कळतं." आणि त्या अनोळखी ओट्यावर मला रडू आलं.

मंगलची आई घाबरली. "अगं, काय इचारलंस म्हातारीला? पावणं, रागावू नका. हिची नोकरीच ती हाय, लोकास्नी प्रश्न इचारायची."

"आये, गप की जरा," मंगल म्हणाली आणि माझ्याजवळ सरकून बसली. मग मी तिला सांगितलं. मानेच्या मागे, उजव्या बाजूला, ब्लाउजच्या हुकात केस अडकावा तशी ओढ लागते. मग ती ताणत जाते. मान झटकली की सुटते, पण घटकाभरच. मंगल मानसतज्ज्ञ होती आणि अशाच त्रासाच्या माणसांबरोबर काम करत होती. तिने सांगितलं की याला टिक म्हणतात. हा देवीचा कोप नाही, आणि इच्छाशक्तीची कमीही नाही. मेंदूच्या ठेवणीतली गोष्ट आहे आणि पुष्कळदा घराण्यातून उतरते. "समूळ जाईल असं मी सांगणार नाही," ती म्हणाली. "पण तिच्याशी वागायचं कसं, ते शिकता येतं. कुठल्याही वयात." या वयात इतकं वाढलं आहे तर आधी मेंदूच्या डॉक्टरांना दाखवून घ्या, दुसरं काही नाही ना याची खात्री करा, हेही तिने बजावलं.

दुसरी गाडी आली तेव्हा भीमाशंकरला जाऊन संध्याकाळच्या आत परतणं शक्य नव्हतं. मी फडक्यातली पानं हातात घेऊन उभी राहिले. मंगलच्या आईने ती माझ्या हातातून काढून घेतली आणि घरातल्या देव्हाऱ्यातल्या लहानशा पिंडीवर वाहिली. म्हणाली, "म्हादेव काय तिकडं वरतीच बसलाय व्हय? हितनं बी पोचतंय." त्या दिवशी मी भीमाशंकरला पोचले नाही. मी कुठे पोचले होते ते मला नंतर कळलं.

डॉक्टरांनी तपासून दुसरं काही नाही असं सांगितलं आणि मंगलचे उपचार सुरू झाले. कधी मी पुण्याला जायचे, पुष्कळदा फोनवर व्हिडिओने. पहिलं काम म्हणजे मान केव्हा हलते, त्याआधी काय होतं, कोण समोर असतं, हे वहीत लिहायचं. माझ्यासारखीला याहून सोपं काम कोणतं? मी रेघा मारून रकाने पाडले, वेळ, ठिकाण, कारण, शेरा. शेऱ्यात 'पुन्हा तेच', 'लक्ष नाही' असं लिहिलं. मंगलने वही पाहिली आणि हसली. "आजी, तुम्ही मानेचं हजेरीपुस्तक केलंत! तिला नापास करायचं नाहीये. तिची ओळख करून घ्यायचीय." मला राग आला. मग घरी येऊन मी शेऱ्याचा रकाना खोडला. साठीनंतर स्वतःच्या अंगाला नापास न करता पाहायला शिकणं सोपं नव्हतं.

मग तिने ओढीला द्यायचं उत्तर शिकवलं. ओढ लागली की हनुवटी किंचित आत घ्यायची, मानेचे स्नायू हलकेच ताठ करायचे, नजर समोर ठेवायची, आणि ओढ ओसरेपर्यंत तसंच राहायचं. घशाच्या आवाजासाठी ओठ मिटून नाकाने संथ श्वास. लसूण सोलताना, बातम्या बघताना सराव करायचा. सुमनला तिने मदतनीस नेमलं. सुमन पहिल्या दिवसापासून ओरडू लागली, "हलली! परत हलली बघ!" मंगलने तिला फोनवर समजावलं की हलली तर काही बोलायचं नाही, व्यायाम जमला तर कौतुक करायचं. मग ती दुसऱ्या टोकाला गेली. नारायणगावच्या बाजारात मी वांगी निवडताना हनुवटी आत घेतली तर भर बाजारात, "शाब्बास गं माझ्या वाघिणी!" वांगीवाला म्हणाला, "मावशी, निस्ती वांगी तर घ्यायचीत."

मला हे खुलवून सांगावंसं वाटतं, पण चिनू, तुला खोटं सांगणार नाही. पहिले तीन आठवडे त्रास वाढला. जिकडे लक्ष द्यावं तिकडे ओढ. मी कंटाळून वही बंद करून ठेवली. आठ दिवस मंगलला फोन केला नाही, आणि तिनेही तगादा लावला नाही. नवव्या दिवशी दुपारी मी मागच्या दारात बसले होते. येडगावच्या धरणाचं पाणी समोर होतं, उन्हात स्वस्थ पडलेलं. ओढ आली. कंटाळा इतका होता की मी तिच्याशी भांडले नाही आणि तिचं ऐकलंही नाही. हनुवटी आत घेतली आणि बसून राहिले. ओढ वाढली, आता मान तुटेल असं वाटलं, आणि मग ती आपली आपण उतरली. मी न हलता ती गेली. असं होऊ शकतं हे मला ठाऊकच नव्हतं. मी आत जाऊन देवापुढे उभी राहिले आणि काही मागितलं नाही. लहानपणापासून पहिल्यांदा त्याच्यापुढे कसलीही तक्रार न घेता उभी होते.

उपचारात नुसती मान नव्हती. उठून दाराआड जाणंही सोडायचं होतं. आठवड्यातून एकदा माणसांत जायचं, कडेची खुर्ची न धरता मध्ये बसायचं. त्यातूनच माझ्या माहेरचं बोलावणं आलं तेव्हा मी नाही म्हणाले नाही. निमगावला श्रावणात सप्ताह बसतो. ते सात दिवस देवळातली वीणा खाली ठेवत नाहीत. कुणी ना कुणी ती गळ्यात घालून उभं राहतं, हळू आवाजात नाम घेतं, दोन तासांनी माणूस बदलतो. त्याला पहारा म्हणतात. अलीकडे एका दुपारचे पहारे गावच्या लेकींना देतात. मला दोन ते चारचा आला. याआधी तीनदा मी गुडघेदुखीचं निमित्त सांगून तो टाळला होता.

वीणा गळ्यात आली तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझे सगळे आडोसे गेले. हात मोकळे नाहीत, पदर सावरता येत नाही, पाठ फिरवता येत नाही, आणि उठून जावं तर वीणा खाली ठेवावी लागेल, ती तर ठेवायचीच नाही. आणि उभी होते कुठे, तर ज्या गावाने मला पाटावर बसवलं होतं त्या गावापुढे. पहिला अर्धा तास बरा गेला. मग ओढ आली. मी हनुवटी आत घेतली, नाम चालू ठेवलं. ती गेली. पुन्हा आली. चार गेल्या आणि पाचवीला मान झटकली, चांगली जोरात, तारेवरचं बोटही घसरलं. त्याच वेळी काठी टेकत एक म्हातारी आत आली. पाठीतून वाकलेली, पण मी लगेच ओळखलं. हौसाबाई. ती माझ्याकडे बघत सरळ आली आणि माझ्या पायांवर डोकं ठेवून राहिली.

मी पुन्हा नऊ वर्षांची झाले. वाटलं, हिने पाहिलं, आता ही 'आई आली' म्हणणार, आता बायका केस सोडणार. पाय मागे घ्यायचीही सोय नव्हती. मान पुन्हा हलली. मी मनात म्हणाले, देवा, मला जेवढं येत होतं तेवढं मी केलं. आता तुझं तू बघ. आणि उभी राहिले. काहीही झालं नाही. भिंतीशी एक तान्हं मूल झोपलं होतं, ते झोपलेलंच राहिलं. कुणीतरी माझ्या कपाळावरचा घाम आपल्या पदराने पुसला. हौसाबाई उठली, खांबाला टेकून बसली आणि टाळ्या वाजवत माझ्यामागे नाम घेऊ लागली. चार वाजले तेव्हा पुढची लेक आली, माझ्या पाया पडली, मी तिच्या पडले, आणि वीणा तिच्या गळ्यात गेली.

मग मी देवळाच्या पायरीवर हौसाबाईजवळ जाऊन बसले. कुणीतरी चहा आणला. मला आता गप्प राहायचं नव्हतं.

"हौसाबाई, मी देवी नाही. तेव्हाही नव्हते. माझ्या मानेला आजार आहे."

"कोन म्हनतंय तू देवी हाईस?"

"मग मघाशी पाया पडलात त्या?"

"ये बया! वीनेच्या पाया पडले मी. तू कशाला मधी येतीस?"

पायरीवरच्या सगळ्या बायका हसल्या, आणि मीही हसले. खरंच तर होतं. वीणा ज्याच्या गळ्यात असते त्याच्या पाया सगळेच पडतात. मला ते पाठ होतं. पण सारं जग माझ्या मानेकडेच बघतं आहे, या समजुतीत मी इतकी वर्षं काढली होती की समोरची वीणाही मला दिसली नव्हती.

"आणि लहानपणी मी तुम्हाला खोटं सांगितलं," मी म्हणाले. "पुनवेला येईल म्हणाले. तुम्ही वेशीवर उभ्या राहायचात. मी बघायचे."

तिने बशीतला चहा संपवला. "मला काय कळत नव्हतं व्हय? नऊ वर्साची पोर, डोळं भेदरल्यालं. पर घरात समदी म्हनायची, न्हाई येत आता त्यो. मला कुनीतरी येईल म्हनायला पायजे व्हतं. तू म्हनलीस. त्येच्यावर दोन वर्सं काढली."

"मग आले?"

"आला की. भर आवसंला आला, मुडदा!" ती तोंडावर पदर घेऊन हसली. मग माझ्या मानेवर हात ठेवला, नेमका उजव्या बाजूला. "हलती तर हलू दी गं. वीना खाली नाय ठिवलीस नव्हं?"

ईरा, चिनू, त्या ओट्यापाशीच गाडी का बंद पडली, मंगल नेमकी त्या दिवशी घरी का होती, हे मी कुणाला पटवत बसणार नाही. मी स्वतःशी एवढंच म्हणते की ज्याच्यावर मी इतकी वर्षं राग धरून होते, त्याने मला एका प्रश्नाच्या रूपाने हाक मारली, आणि तीही बोलतं माणूस पाठवून. शरण जाणं म्हणजे हातपाय गाळणं, असं मला वाटायचं. आता वाटतं, हनुवटी आत घ्यायचं काम माझं आहे, रोजचं आहे, आणि त्यानंतर मान हलली किंवा न हलली तर ते त्याच्याकडे सोपवायचं. व्यायाम सोडून नुसता देव धरला असता तर जमलं नसतं. नुसता व्यायाम धरून स्वतःवर डोळे वटारत राहिले असते तरी जमलं नसतं.

गावापुढे उभी राहिले, आणि रविवारी माझ्याच लेकीपुढे पुन्हा दाराआड गेले. म्हणून हे पत्र. चिनू, तुझं काही चुकलेलं नाही. तिकडच्या डॉक्टरांना दाखवा. बऱ्याच मुलांचं मोठं होता होता कमी होतं, आणि नाही झालं तरी त्याच्यासाठी शिकवणारी माणसं आहेत. कुणी तुला विचारो न विचारो, मी विचारते: येण्याआधी तुला कळतं का? कसं वाटतं, ते मला सांग. माझ्याजवळ रेघा मारलेली वही आहे. ईरा, तू त्याला थांबव म्हणू नकोस. तुला अगदीच राहवलं नाही तर आजोबांसारखी खोक.

येत्या रविवारी फोन कराल तेव्हा मी उठून जाणार नाही. हौसाबाई गेल्या माघात वारल्या. आजोबांचा बेल परसात आहे, त्याची पानं दर फाल्गुनात मी शिनोलीला पोचवते. निमगावची वीणा खुंटीवर आहे, श्रावणातला दोन ते चारचा पहारा माझ्या नावावर आहे. मान अजून हलते.

तुमची,
आजी